यादी कुणाच्या हातात? : दोन महायुद्धांमधल्या बर्लिनचे पोलीस आणि बायका
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



काल गटचर्चेत महिला पोलिसांचा विषय निघाला आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी संपला नाही. ठाण्यात बाई बसलेली असली की तक्रार द्यायला धीर येतो, असं तालुक्याच्या गावांतून आलेल्या जणी म्हणाल्या. शहरातल्या काही जणी म्हणाल्या, कसला धीर, तीही "तूच काहीतरी केलं असशील" असंच विचारते. दोन्ही खरं आहे. तो वाद सोडवायला मी उभी राहिलेली नाही. ज्या देशातल्या बायकांच्या चळवळीने ही मागणी आपल्या कितीतरी आधी केली आणि मिळवलीही, त्या जर्मनीची, मुख्यतः बर्लिन शहराची हकिगत मला सांगायची आहे. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा.

त्या युद्धात जर्मनीचे वीस लाख पुरुष मेले. पाच-सहा लाख बायका विधवा झाल्या. १९२० साली आजूबाजूची गावं जोडून बृहद्बर्लिन झालं तेव्हा वस्ती अडतीस लाखांच्या घरात होती. १९२३च्या अखेरीला एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क, असा भाव झाला. विधवेचं पेन्शन हातात पडेपर्यंत त्याची रद्दी होत होती. अशा शहरात पूर्वेकडच्या प्रांतांतून पोरी कामाच्या शोधात येत आणि श्लेसिशर बानहोफ या स्टेशनात उतरत. आज त्याला ओस्टबानहोफ म्हणतात. आपल्याकडे दादर किंवा कल्याणला पहाटेच्या गाडीने उतरणारी पोर डोळ्यांसमोर आणा, तीच ती.

याच स्टेशनाच्या परिसरात कार्ल ग्रोसमान नावाचा एक माणूस राहत होता. घरकामाला बाई हवी आहे, जेवण मिळेल, असं सांगून तो उपाशी बायकांना खोलीवर नेई. त्या भागातल्या कालव्यात बायकांच्या प्रेतांचे तुकडे सापडत होते. शेजाऱ्यांना किंचाळ्या ऐकू येत होत्या. ऑगस्ट १९२१ मध्ये शेजाऱ्यांनीच पोलीस बोलावले आणि तो प्रेतासकट सापडला. खटला चालला तीन खुनांचा. त्याने एकूण किती बायका मारल्या ते कधीच ठरलं नाही, कारण निकालाआधीच, जुलै १९२२ मध्ये, त्याने कोठडीत गळफास घेतला. वर्तमानपत्रांनी त्याचं बालपण, त्याची वासना, त्याचा चेहरा यांवर रकाने भरले. बायकांविषयी मात्र एवढंच, की त्या "तसल्या" होत्या. त्या नाहीशा झाल्या तेव्हा कुणी शोधायला आलं नाही.

आता यातली विसंगती बघा. अशा बायकांची नोंद ठेवणारं एक आख्खं खातं बर्लिन पोलिसांकडे होतं. 'जिटनपोलित्साय' म्हणजे नीतिरक्षक पोलीस. १८७१च्या दंडविधानातल्या ३६१व्या कलमाखाली धंदा करणाऱ्या बाईला पोलिसांच्या यादीत नाव घालावं लागे. नाव घातलं की ठराविक दिवशी वैद्यकीय तपासणीला जायचं, ठराविक रस्त्यांवर आणि बागांत फिरकायचं नाही, पोलीस कधीही घरात येणार. यादीत नाव नसताना धंदा केला तर तुरुंग. हाम्बुर्ग, ब्रेमेनसारख्या शहरांत या बायकांना ठराविक गल्ल्यांत कोंडलेलं असे, बर्लिनमध्ये त्या शहरभर पसरलेल्या होत्या आणि यादी हाच त्यांचा पिंजरा होता. संशय आला तर साधा पोलीस रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला धरून तपासणीला नेऊ शके. गिरणीतून रात्री घरी जाणारी, हॉटेलात भांडी घासणारी, कुणीही. गिऱ्हाइकाची तपासणी नव्हती. गुप्तरोग जणू एकाच बाजूने पसरतो! तर सांगायचं असं, की बाई जिवंत असेपर्यंत तिच्या शरीराची बारीकसारीक नोंद या खात्याकडे होती. ती मेली तर विचारणारं कुणी नव्हतं.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. सैनिकांना गुप्तरोग होऊ नये म्हणून इंग्रजांनी आपल्या देशात १८६४ साली असाच कायदा केला आणि १८६८ साली तो हिंदुस्थानात आणला. मुंबईतल्या बायकांचीही नोंदणी आणि सक्तीची तपासणी त्याखाली झाली. १८८८ साली तो रद्द झाला, त्यामागे जोझेफिन बटलर या बाईंनी इंग्लंडमध्ये उभारलेलं आंदोलन होतं. त्याच आंदोलनाची ठिणगी जर्मनीत गेली. बर्लिनमध्ये आना पाप्रिट्झ यांनी १८९९ साली या विचाराची शाखा काढली. जमीनदार घराण्यातली, अविवाहित, तब्येतीने नाजूक अशी ही बाई. चांगल्या घरच्या बाईने 'हा' विषय तोंडातून काढायचा नाही, अशा काळात ती सभा घेऊन सांगत होती, की राज्यसंस्था एका वर्गातल्या बायकांना पुरुषांसाठी आरोग्यसंपन्न माल म्हणून तपासते आहे. 'माल' हा शब्द माझा आहे, मुद्दा तिचा.

आणि इथेच महिला पोलिसांची मागणी जन्माला आली. पुरुष पोलीस नकोत, तर धरलेल्या बायकांशी बोलणार कोण? श्टुटगार्टमध्ये १९०३ साली हेन्रिएटे आरेंट नावाच्या परिचारिकेला पोलिसांत मदतनीस म्हणून घेतलं. जर्मनीतली ही पहिली पोलीस बाई. तुरुंगातून सुटलेल्या बायकांची व्यवस्था बघता बघता तिने अनाथ पोरांची विक्री कशी चालते ते उघडकीला आणलं, जाहीर बोलली, आणि वरिष्ठांना जड होऊन काही वर्षांतच बाहेर पडली. खात्यात शिरलेली बाई खात्याबद्दल बोलली की काय होतं, याचा नमुना पहिल्याच नेमणुकीत मिळाला.

युद्धानंतर १९१८ साली बायकांना मताचा हक्क मिळाला, १९१९च्या राज्यघटनेत समानता आली. राइन नदीकाठचं कोलोन तेव्हा ब्रिटिश फौजांच्या ताब्यात होतं. १९२३ साली तिथे इंग्लंडहून महिला पोलीस आल्या आणि त्यांच्या जोडीला योझेफिने एर्केन्स यांच्या हाताखाली जर्मन बायकांचं पथक उभं राहिलं. ते दोनच वर्षं टिकलं, पण जर्मनीभर चर्चा झाली. मग आलं १९२७ साल. फेब्रुवारीत गुप्तरोग-प्रतिबंधक कायदा मंजूर झाला, १ ऑक्टोबरला लागू झाला. नीतिरक्षक पोलीस बरखास्त. यादी बंद. उपचाराची सक्ती आता बाई आणि पुरुष दोघांना, आणि ते काम पोलिसांचं नाही तर आरोग्य खात्याचं. आना पाप्रिट्झ तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या. ज्यासाठी आयुष्य घातलं ते डोळ्यांनी पाहायला मिळणं आपल्या चळवळींत फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

कायद्यात एक चोरदरवाजा राहिला होता. चर्चजवळ, मुलं जातात तिथे, आणि पंधरा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांत बंदी घालता येत होती. 'सभ्यतेला धक्का' बसेल असं वागणंही गुन्हाच होता. धक्का बसला की नाही हे ठरवणार कोण, तर पुन्हा पोलीस.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये महिला गुन्हे अन्वेषण पोलीस हा विभाग सुरू झाला. प्रमुख होत्या फ्रीडेरिके वीकिंग, वय छत्तीस, मूळ पेशा समाजकार्य. आलेक्झांडरप्लात्स चौकातल्या मुख्यालयाला लोक 'लाल किल्ला' म्हणत, लाल विटांमुळे. त्या किल्ल्यात तेव्हा एर्न्स्ट गेनाट या अवाढव्य अधिकाऱ्याचा दबदबा होता. त्याने १९२६ साली खुनांच्या तपासासाठी स्वतंत्र विभाग बांधला, प्रयोगशाळेसारखी साधनं भरलेली मोटार तयार करवली, आणि संशयिताला मारहाण करायची नाही हा त्याचा दंडक होता. केक आणि कॉफी समोर ठेवून तो जबान्या घेई. (आपल्या ठाण्यांत हा प्रयोग व्हायला हरकत नाही.) सिनेमे-कादंबऱ्यांमुळे गेनाट जगाला ठाऊक आहे. वीकिंगबाई कुणाला ठाऊक नाहीत.

या बायकांना गणवेश नव्हता, हत्यार नव्हतं. समाजकार्याचं रीतसर शिक्षण हवं, शिवाय पोलिसी प्रशिक्षण. बहुतेक जणी अविवाहित. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या आणि मुलींच्या जबान्या घेणं हे त्यांचं मुख्य काम, आणि ते त्यांनी चांगलं केलं हे मान्य करायला हवं. त्याआधी आठ-दहा वर्षांच्या पोरीला चार पुरुषांसमोर उभं करून "काय केलं त्याने, सांग" असं विचारत. आपल्याकडे १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरावर काय गुदरलं आणि न्यायालयात तिच्याबद्दल काय बोललं गेलं, ते आठवलं की या कामाचं मोल कळतं. १९८०च्या त्या आंदोलनात आपणही हीच मागणी केली होती.

पण त्यांच्याकडे दुसरंही काम होतं. स्टेशनं, बागा, नाचघरं, स्वस्त हॉटेलं यांत गस्त घालून 'धोक्यात असलेल्या' मुली हेरणं. धोक्यात म्हणजे कुणापासून? कागदावर याचं उत्तर नसे. रात्री उशिरा एकटी, ओठांना रंग, राहायला पत्ता नाही, काम टिकत नाही, एवढं पुरे. १९२२च्या बालकल्याण कायद्यात एक शब्द होता, त्याचं मराठी 'वाया गेलेली' असं होईल. मुलगा चोरीमारी केली की वाया जाई. मुलगी कुणाबरोबर फिरली की वाया जाई. तसा शेरा पडला की तिला सुधारगृहात घालता येई, आणि ती एकवीस वर्षांची होईपर्यंत ठेवता येई. तिने काही गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती. म्हणजे बघा, १ ऑक्टोबर १९२७ला एक यादी बंद झाली आणि जवळजवळ त्याच सुमाराला दुसरी सुरू झाली. पहिली पुरुष लिहीत होते, शिव्या देत. दुसरी बायका लिहीत होत्या, कळवळ्याने.

या कळवळ्याला मी खोटा म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी एका शहरात छाप्याच्या वेळी संस्थेतर्फे मी हजर होते. महिला हवालदार मुलींची नावं लिहीत होती. आवाज चढवला नाही, पाणी दिलं, एकीच्या पाठीवरून हातही फिरवला. एक मुलगी सारखी विचारत होती, "ताई, माझं नाव कशाला? मी काय केलं?" हवालदार म्हणाली, "तुझ्याच भल्यासाठी." त्या मुलीने पुढे आठ महिने आपल्याच भल्यासाठी कुलपात काढले. घरी तिचं तान्हं पोर होतं. ते कुणी नोंदवलं नव्हतं.

बर्लिनकडे परत येते. गर्भपाताचाही उल्लेख केला पाहिजे, कारण गरीब बायकांच्या दाराशी पोलीस यायचे ते पुष्कळदा २१८व्या कलमासाठी. १९२६ साली शिक्षा सौम्य झाली, पण गुन्हा गुन्हाच राहिला. फेब्रुवारी १९३१ मध्ये श्टुटगार्टला फ्रीडरिश वोल्फ आणि एल्से कीन्ले या दोन डॉक्टरांना पकडलं तेव्हा देशभर बायका रस्त्यावर आल्या. कीन्ले यांनी कोठडीत उपोषण करून सुटका करून घेतली. सरकारी नोकरीतल्या महिला पोलिसांना ते कलम राबवणाऱ्या यंत्रणेतच बसावं लागत होतं. चळवळीची वाट आणि खात्याची वाट फाटली ती इथे.

त्याच वर्षी दुसरा धक्का बसला. कोलोनच्या एर्केन्सबाई १९२७ पासून हाम्बुर्गच्या महिला पोलिसांच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हाताखालच्या दोन अधिकारी बायकांनी १९३१च्या उन्हाळ्यात पेलवोर्म बेटावर जीव दिला. एर्केन्सबाईंच्या जाचाला त्या कंटाळल्या होत्या, अशा बातम्या आल्या. मग वर्तमानपत्रांना काय हवं! बायका बायकांना कशा छळतात, बायकांना पोलिसी काम कसं झेपत नाही, महिनोन्‌महिने हेच चाललं. एर्केन्सबाई गेल्या आणि स्वतंत्र विभागही मोडला. कोलोनपासून उभं केलेलं काम त्या बेटावर बुडालं. किती पुरुष अधिकाऱ्यांच्या जाचाने किती शिपाई मेले असतील, त्यावरून कुणी पुरुषांचं पोलीसदल मोडलं नाही.

जुलै १९३२ मध्ये केंद्र सरकारने प्रशियाचं लोकनियुक्त सरकार बरखास्त केलं आणि बर्लिनच्या पोलीस प्रमुखांना हटवलं. उपप्रमुख बेर्नहार्ड वाइस ज्यू होते, त्यांनाही काढलं. नव्या कारभाऱ्यांची पहिली मर्दुमकी म्हणजे पोहण्याचा पोशाख कुठे किती झाकलेला असावा याचा सरकारी हुकूम. लोक हसले. सहा महिन्यांनी हिटलर आला.

१९३३च्या वसंतात आणि उन्हाळ्यात हजारो बायका रस्त्यांवरून उचलल्या गेल्या. मे महिन्यात ३६१वं कलम पुन्हा कडक केलं. त्याच महिन्यात जर्मन स्त्री-संघटनांच्या महासंघाने नाझींच्या छत्राखाली जायचं टाळण्यासाठी स्वतःलाच विसर्जित केलं. आणि महिला पोलीस? त्या विसर्जित झाल्या नाहीत. त्यांची संख्या वाढली. वीकिंगबाई पदावर राहिल्या, पुढे सगळ्या देशाच्या महिला पोलिसांचं काम त्यांच्याकडे आलं. डिसेंबर १९३७च्या हुकमाने 'समाजविघातक' ठरवलेल्या माणसाला गुन्हा न करताच, खटला न चालवता छळछावणीत टाकता येऊ लागलं. अशी माणसं शोधायला नवे हेर लागले नाहीत. कल्याण खात्याची, सुधारगृहांची, महिला पोलिसांची दप्तरं कपाटांत होती. सहानुभूतीने लिहिलेले शेरे. 'आई कामाला जाते.' 'खोटं बोलते.' 'पुरुषांची ओढ.'

जून १९४२ मध्ये बर्लिनच्या उत्तरेला, रावेन्सब्रुकच्या बायकांच्या छळछावणीला लागून, मुलींसाठी उकरमार्क ही छावणी उघडली. ती महिला पोलिसांच्या अखत्यारीत होती. प्रमुख लोटे टोबेरेंट्झ आणि त्यांच्या दुय्यम योहाना ब्राख, दोघीही महिला गुन्हे अन्वेषण पोलिसांतल्या. हजाराहून जास्त मुली तिथे होत्या, बऱ्याचशा सोळा ते एकविसातल्या. कुणी सुधारगृहातून पळालेली, कुणी कामावर न जाणारी, कुणी परदेशी मजुरावर प्रेम केलेली, कुणी सिंटी-रोमा म्हणजे ज्यांना 'जिप्सी' म्हणत त्या समाजातली. दिवसभर काम, आणि आपसांत बोलायला बंदी. संशोधक येत आणि त्यांच्यातला 'वाईटपणा' रक्तातून आलेला आहे का ते तपासत. १९४५च्या जानेवारीपासून त्या जागेचा मोठा भाग रावेन्सब्रुकच्या आजारी, म्हाताऱ्या बायकांना मारण्यासाठी वापरला गेला.

'रक्तातून' म्हटल्यावर एक आठवण द्यायला हवी. विसाच्या दशकाच्या अखेरीला आपल्या इरावतीबाई कर्वे बर्लिनला, ऑइगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली, कवट्या मोजून डॉक्टरेट करत होत्या. वंशावरून कवटी कमी-जास्त ठरते असा गुरूचा कल होता. शिष्येची मोजमापं त्याला साथ देईनात, आणि तसं तिने लिहिलं. तेवढं धैर्य त्या शहरात पुढे फार जणांना झालं नाही.

युद्धानंतर, एप्रिल १९४८ मध्ये, हाम्बुर्गला ब्रिटिशांच्या लष्करी न्यायालयात टोबेरेंट्झ आणि ब्राख उभ्या राहिल्या आणि निर्दोष सुटल्या. ते न्यायालय दोस्तराष्ट्रांच्या नागरिकांवरचे गुन्हे बघत होतं, जर्मन पोरींवरचे नाही. वीकिंगबाईंना रशियनांनी काही वर्षं डांबलं. १९५८ साली, त्या वारल्या त्याच वर्षी, त्यांनी लिहिलेला महिला पोलिसांचा इतिहास प्रसिद्ध झाला.

काल एका मैत्रिणीने विचारलं होतं, मग काय, महिला पोलीस नकोतच? मला तसं वाटत नाही. पोरीची जबानी पुरुषाने घ्यावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण दक्षता समितीवर बसायचं आमंत्रण येतं, छाप्याला चला म्हणून फोन येतो, 'पीडित' मुलींचा तक्ता भरून द्या म्हणतात, तेव्हा मी आता तीन गोष्टी विचारते. हे नाव कुठे जाणार? किती वर्षं राहणार? आणि हिने नाही म्हटलं तर काय होणार? पहिल्या दोहोंना कधीतरी उत्तर मिळतं. तिसऱ्याला अधिकारी माझ्याकडे बघत राहतात. २००५ साली डान्स बार बंद केले तेव्हा बारबालांचं कल्याण म्हणूनच केले होते, आणि तेव्हा स्त्री-संघटनांतल्या काही जणींनी बारबालांच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं म्हणून आपल्यातच केवढी भांडणं झाली, हे इथल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बंदी उडवली, तोवर आठ वर्षं गेली होती. त्या बायकांपैकी किती जणी कुठे गेल्या याची मात्र यादी कुणी केली नाही.

उकरमार्कच्या मुली घरी परतल्या तेव्हा 'वाया गेलेल्या' हा शेरा त्यांच्यासोबत परतला. नुकसानभरपाई मागायला गेल्या तर तुमची ती छळछावणी नव्हतीच, असं ऐकायला मिळालं. बहुतेकींनी नवऱ्याला, मुलांनाही सांगितलं नाही. 'समाजविघातक' म्हणून छावण्यांत घातलेल्यांना नाझी अत्याचाराचे बळी मानणारा ठराव जर्मन संसदेने केला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. तोवर जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या. छावणीची जागा युद्धानंतर रशियन सैन्याकडे होती आणि नंतर तिथे रान माजलं. १९९७ पासून स्त्रीवादी गटांतल्या बायका उन्हाळ्यात तिथे तंबू ठोकतात, झुडपं काढतात, जुन्या बराकींचे पाये मोकळे करतात, आणि ज्या थोड्या जणी हयात होत्या त्यांना बोलावून त्यांच्या तोंडून ऐकत आल्या.